कानावरचे संस्कार

(पालकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मूल बोलू कधी लागले, हे आपण कौतुकाने विचारतो. ते ऐकलेले समजू कसे लागले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मी कलाशाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार, भाषावैज्ञानिक नव्हे. तरीही आज या विषयावर बोलावेसे वाटले, त्याला निमित्त झाले एका चिनी उच्चाराचे.

चीनमधील बहुसंख्य लोकांच्या मँडरिन भाषेत 'मा' हा एकच उच्चार सुरानुसार अर्थ बदलतो. उंच, सपाट सुरात 'मा' म्हणजे आई. चढत्या सुरात, ज्याच्या धाग्याचे दोर वळतात ते झाड. सूर खाली नेऊन वर आणला तर घोडा, आणि झपकन उतरविला तर रागावणे! मी ध्वनिमुद्रण ऐकले, तेव्हा घोडा आणि झाड यांतील भेद मला काही केल्या कळेना. पन्नाशी ओलांडलेल्या कानांना जे साधले नाही, ते तिथले दुडदुडणारे पोर कसे साधते?

याचे उत्तर पाळण्यात आहे. पहिल्या काही महिन्यांत बाळाचा कान जणू सर्व भाषांसाठी उघडा असतो. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवून दिले की, इंग्रजीभाषी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येतात. वर्षाची होईतो ती शक्ती जवळजवळ लोपते. सुरांचेही तसेच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजीभाषी घरांतील बाळांची सूरभेद ओळखण्याची क्षमता सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान घटलेली आढळली. चिनी भाषा बोलणाऱ्या घरांतील बाळांची मात्र टिकून राहिली. जे घरात रोज कानी पडते ते राहते, जे पडत नाही ते ओसरते.

अर्थात चिनी मुलांनाही सारे एका दमात येत नाही. चढता सूर आणि खाली जाऊन वर येणारा सूर यांत ती बराच काळ गोंधळतात. त्यातच असे खालून वर येणारे दोन सूर लागोपाठ आले की पहिला बदलून चढता होतो. 'नी हाव' या साध्या अभिवादनातही हेच घडते. हा नियम त्या वयात कोणी शिकवीत नाही. ऐकता ऐकता तो अंगवळणी पडतो. आईही नकळत साहाय्य करते. तान्ह्या बाळाशी बोलताना मँडरिनभाषी माता सुरांचे चढउतार अधिक ठळक करतात, असे २००७ सालच्या एका अभ्यासात दिसले.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग सांगतो. अमेरिकेतील सिएटल येथे पॅट्रिशिया कुह्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीभाषी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन ऐकविली. मँडरिन बोलणारी माणसे त्यांच्यासमोर बसून खेळली, पुस्तके वाचून दाखविली. प्रत्येकी सुमारे पंचवीस मिनिटांच्या केवळ बारा बैठका. एवढ्यावर त्या बाळांना मँडरिनमधील एक अवघड ध्वनिभेद तैवानच्या बाळांइतकाच ओळखता येऊ लागला. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच साहित्य पडद्यावर दाखविले. निष्पत्ती शून्य! हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

हा प्रयोग एका ध्वनिभेदापुरता होता. त्यावरून सरसकट निर्णय देणे योग्य नव्हे. परंतु तो वाचून मी खजील झालो, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या घरात नातवाला घास भरविताना समोर मोबाइल ठेवला जाई, आणि "गाणी ऐकून भाषा शिकतोय," असे समर्थन मीच करीत असे. आता त्या वेळी मी त्याच्यापुढे बसतो. चिऊकाऊच्या गोष्टी सांगतो; तो माझ्या तोंडाकडे टक लावून पाहतो.

भाषा कोणतीही असो, बाळाच्या कानावर तिचा संस्कार माणूसच करतो. ते बोलू लागण्याची वाट न पाहता, ते ऐकते आहे तेव्हाच त्याच्याशी बोला. एवढी विनंती करून थांबतो.