गोदाकाठचा मुत्सद्दी : स्वागताध्यक्षांचे भाषण



नद्या आणि भूजल या विषयाचा मराठीतून विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेच्या यजमानपदाचा मान हैदराबादेतील आमच्या तारनाक्याला मिळाला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. एका अंगाला १९१८ साली स्थापन झालेले, उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग करणारे उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला १९५८ साली कुन्नूरहून येथे आलेली राष्ट्रीय पोषण संस्था, आणि जवळच भूगर्भाचा ठाव घेणारी भूभौतिकी संशोधन संस्था, अशा विद्यास्थानांच्या सान्निध्यात आपण एकत्र आलो आहोत. तथापि या सर्वांहून माझ्या अंतःकरणाला निकट असलेली वास्तू म्हणजे येथील राज्य दप्तरखाना होय.

शाहजहान आणि औरंगजेब यांच्या अमदानीपासूनचे फारसी कागद या दप्तरखान्यात जतन केलेले आहेत, आणि त्यांच्याच शेजारी आसफजाही रियासतीचे दफ्तर-ए-दिवानीही विसावले आहे. औरंगाबाद, वऱ्हाड आदी सुभ्यांच्या जमाबंदीचा हा हिशेब रायरायां या मराठी ब्राह्मण घराण्याने पिढ्यानपिढ्या सांभाळला. पुढे दिवाण पहिले सालारजंग यांनी ती वंशपरंपरागत दफ्तरदारी मोडून कारभार सरकारच्या हाती घेतला. शालीबंड्याचा घड्याळी मनोरा ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी त्या घराण्याच्या वैभवाची एक खूण पाहिली आहे. रायरायां, रावरंभा निंबाळकर आणि त्यांच्यासारखी कित्येक मराठी घराणी निजामाच्या दौलतीत मानाने नांदली. परंतु त्या मालिकेतील ज्या पुरुषाचे स्मरण आज करावे असे मला तीव्रतेने वाटते, ते म्हणजे दिवाण विठ्ठल सुंदर.

संगमनेरच्या परशरामी घराण्यातील हा पुरुष केवळ बुद्धीच्या बळावर हैदराबादचे निजाम निजामअली यांच्या दिवाणगिरीपर्यंत चढला आणि ‘राजा प्रतापवंत’ या किताबाचा धनी झाला. १७६२ साली आपले बंधू सलाबतजंग यांना बिदरच्या किल्ल्यात अटकेत ठेवून निजामअलींनी मसनद घेतली, तेव्हा कारभाराचा भार या दिवाणांच्याच खांद्यावर होता. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांची गणना आपण लहानपणापासून ऐकत आलो: पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरचे देवाजीपंत चोरघडे, निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, आणि लेखणीचे धनी असूनही तलवारीशी संबंध नसलेले नाना फडणीस अर्धे. या गणनेत प्रतिपक्षाच्या दिवाणाला पूर्ण शहाण्याचे स्थान देणाऱ्या मराठी लोकमानसाचे औदार्य मला फार मोठे वाटते.

पानिपतानंतर खचलेल्या पुणे दरबाराला नमविण्यासाठी विठ्ठल सुंदरांनी नागपूरकर जानोजी भोसल्यांना साताऱ्याच्या कारभाराची आशा दाखवून आपल्या बाजूस वळविले, आणि १७६३ साली निजामाच्या फौजांनी पुणे लुटले व जाळले. त्या आगीचे समर्थन मी करणार नाही. पण बत्तीस लाखांच्या मुलुखाचे वचन मिळताच जानोजी पुन्हा पेशव्यांकडे वळले, आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला निर्णायक प्रसंग ओढवला. गोदावरी दुथडी भरून वाहत होती. निजामअली पैलतीरी पोहोचले होते, आणि मागे राहिलेल्या फौजेचा भार घेऊन दिवाण अलीकडच्या तीरावर उभे होते. अवघ्या अठरा वर्षांच्या पेशवे माधवरावांनी त्या दिवशी जे शौर्य प्रकट केले ते सर्वश्रुत आहे. परंतु महापुरामुळे ज्यांना कुमक मिळणे अशक्य झाले, ते विठ्ठल सुंदर आणि त्यांचे पुतणे विनायकदास यांनीही त्याच रणांगणावर देह ठेवला. पुढे औरंगाबादच्या तहाने निजामाला ब्याऐंशी लाखांचा मुलूख सोडावा लागला.

पुण्याने त्यांना शत्रू म्हणून मोजले आणि हैदराबादेने त्यांच्या नावाचा रस्ताही राखला नाही. जो जिंकला त्याचे पोवाडे होतात. पण ज्या धन्याचे मीठ खाल्ले त्याच्या पिछाडीला उभा राहून जो पडला, त्याची आठवण ज्या गावाने त्याचे दफ्तर सांभाळले त्या गावाने तरी ठेवली पाहिजे, अशी माझी निष्ठा आहे. आणि ज्या नदीच्या पुराने दक्षिणेच्या राजकारणाची दिशा फिरविली, त्या गोदावरीचे पाणी मोजण्यासाठी आपण येथे जमला आहात, हा योग मला केवळ आकस्मिक वाटत नाही.

आता आमच्या उणिवांविषयी. निवासाची सोय एका ठिकाणी होऊ न शकल्याने काही प्रतिनिधींना लालागुड्याला, तर काहींना हबशीगुड्याला उतरावे लागले. पहाटेच्या गाडीने आलेल्यांना स्थानकावर तिष्ठावे लागले. स्नानाचे गरम पाणी सर्वांना वेळेवर पुरले नाही. आणि पंक्तीत भाकरीऐवजी भातावरच अधिक भर राहिला. या सर्वांची जबाबदारी स्वागत समितीची आहे, आणि तिच्या वतीने मी हात जोडून क्षमा मागतो.

धान्य देणारे व्यापारी, मंडपाचे भाडे न घेणारे कंत्राटदार, भांडी व सतरंज्या पाठविणारे आमचे तेलुगू शेजारी, रात्रभर बटाटे सोलणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी, आपले दालन मोकळे करून देणारे शाळेचे चालक, सामान वाहणारे विद्यार्थी आणि नाव जाहीर न करण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणारे वयोवृद्ध उर्दूभाषक गृहस्थ, या सर्वांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही.

एकच विनंती करतो. उद्या दुपारी सवड काढून दप्तरखाना अवश्य पाहा, आणि आपापल्या गावी परतल्यावर घरातील जुने मोडी कागद वाळवीच्या मुखी पडण्यापूर्वी एखाद्या अभ्यासकाच्या किंवा दप्तरखान्याच्या स्वाधीन करा. नदीच्या जुन्या पुरांच्या नोंदीही अशाच कागदांत सापडणे संभवते. आपणा सर्वांचे तारनाक्याच्या वतीने हार्दिक स्वागत करून अध्यक्षमहाराजांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी मी त्यांना नम्र प्रार्थना करतो.