कुतच्या वेढ्यातील पुणे डिव्हिजन

२८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज मारला गेला. ३७ दिवसांत ब्रिटन युद्धात उतरले आणि हिंदुस्थानास न विचारताच त्यालाही ओढले गेले. कारणे आपण पाठ करतो; माणसे तेवढी राहून जातात. ६ व्या पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी तैग्रिसकाठी कुत येथे वेढ्यात अडकल्या. रसद सरली, घोडे कापले गेले. धर्मभावनेमुळे कित्येक हिंदी सैनिकांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले. ही भूक कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे १३,००० जण कैद झाले. त्यांतील हजारो वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत मेले. आपल्याकडील काही गावांत संगमरवरी पाटी आढळते. युद्धावर गेले किती आणि मेले किती, एवढाच आकडा. नावे नाहीत.