वेटिंग लिस्टमधलं नाव



संयोजकांनी मला ‘संविधान आणि रोजचं जगणं’ हा विषय दिला आहे. मी कायदा शिकलेलो नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. त्यामुळे मी फक्त एका जेवणाबद्दल बोलणार आहे.

पावसाळ्यातला रविवार होता. अब्बा-अम्मी साताऱ्याहून पुण्याला आमच्याकडे आले होते. बायको म्हणाली, आज स्वयंपाकाला सुट्टी. आम्ही पाच जण जवळच्याच एका हॉटेलात गेलो. आपल्याकडे असतं तसंच साधं हॉटेल. एकाच मेन्यूकार्डात पंजाबी, चायनीज आणि साउथ इंडियन, गल्ल्यावर बडीशेपेची वाटी आणि दाराबाहेर वाट बघणाऱ्यांची गर्दी. एक मुलगा वही घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, “सर, नाव?”

मी म्हणालो, “अमित. पाच जण.”

माझं नाव अमित नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

वीस मिनिटांनी हाक आली, “अमित सर, फाइव्ह!” मी उठलो. माझी नऊ वर्षांची मुलगी मात्र खुर्चीवरून हलली नाही. तिनं मोठ्यानं विचारलं, “अब्बू, ये अमित कौन?”

मी हसून वेळ मारून नेली. टेबलावर बसल्यावर मात्र सगळे गप्प. सूप आलं, पापड आले, तरी कुणी बोलेना.

खरं सांगतो, हॉटेलात मला नावावरून कुणी कधीच अडवलेलं नाही. अडवलं ते भाड्यानं घर शोधताना. फोनवर माझं मराठी ऐकून “या की, बघून जा” म्हणणारे घरमालक नाव कळलं की “घर कालच गेलं” म्हणायचे. एकदा नाही, तीनदा झालं. त्यानंतर जिथे ओळखपत्र दाखवावं लागत नाही, तिथे मी अमित झालो. कधी टॅक्सीत, कधी केकच्या ऑर्डरवर, कधी हॉटेलच्या वहीत. आमच्या कामात चाचणीसाठी खोटी माहिती भरतात, तसाच प्रकार. आधी सोय होती, मग सवय झाली. दार बंद केलं होतं घरमालकांनी. हॉटेलवाल्यानं काहीच केलं नव्हतं. त्याला चांगलं वागण्याची संधीसुद्धा मी दिली नव्हती.

शेवटी अब्बा बोलले. आमच्या घरी दखनी बोलतात, मी मराठीत सांगतो. अब्बा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणाले, “आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्यांवर मी किती वर्षं ड्यूटी केली. माळकरी म्हातारे मला नावानं हाक मारायचे. मला कधी दुसरं नाव लागलं नाही.”

मी म्हणालो, “अब्बा, तेव्हाचे दिवस वेगळे होते.”

तेवढ्यात अम्मी म्हणाली, “तुला निदान नाव विचारलं तरी. मला कुणी विचारलंच नाही. आम्ही हॉटेलात गेलो की तुझे अब्बा बाहेर बोलायचे आणि मला पडद्याआड फॅमिली रूममध्ये बसवायचे. माझं नाव ‘फॅमिली’.”

अब्बांनी मान खाली घालून नान तोडायला घेतला. माझ्याही लक्षात आलं की आत्तासुद्धा ऑर्डर मी आणि अब्बांनीच दिली होती. अम्मीला काय हवंय, ते आम्ही विचारलं नव्हतं.

आता संविधानाकडे येतो. कलम १५(२) मुद्दाम वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कशाहीवरून कुणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जायला अडवता येणार नाही, असं त्यात आहे. म्हणजे आपल्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमात पुढे विहिरी आणि तलावही आहेत. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते आठवलं की हे शब्द तिथे का आहेत ते कळतं. एकत्र खाणंपिणं ही आपल्या देशात कधीच साधी गोष्ट नव्हती. आणि त्या यादीत धर्माबरोबर लिंगही आहे, हे आपण आपल्या घरात वाचून दाखवायला हवं.

दुसरी गोष्ट २०२४ ची. कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींनी मालकांची नावं पाटीवर लावावीत, असे आदेश उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये निघाले. २२ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणते पदार्थ मिळतात ते सांगा, नावाची सक्ती नको, असं न्यायालय म्हणालं. ती बातमी वाचून मला बरं वाटलं होतं. पण तिकडे नाव जबरदस्तीनं बाहेर काढत होते आणि इकडे मी ते स्वतःहून लपवत होतो. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच, की नाव कळलं म्हणजे माणूस कळला.

त्या दिवशी मी मेन्यूकार्ड मुलीपुढे धरलं. कबाब अरबीतून आलेला, नान आणि बिर्याणी फारसीतून. तिच्या आवडत्या पनीरचं नावही फारसीच, गुलाबजाममधला गुलाबही. बटाटा आणि पाव हे शब्द पोर्तुगिजांबरोबर आले. कुणी नाव बदललं नाही, तरी सगळे आपले झाले. ती म्हणाली, “मग तुम्ही का बदललं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुणी भीतीपोटी नाव बदलून सांगत असेल, तर मी त्याला दोष देणार नाही. काही ठिकाणी ती भीती खरी असते. पण जिथे दार उघडं आहे, तिथे तरी आपण आपल्या नावानं आत जावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

पुढच्या रविवारी त्याच हॉटेलात गेलो. वहीवाल्या मुलानं नाव विचारलं. मी अम्मीकडे बघितलं. तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि त्यानं ते नीट लिहिलंय ना, हे वाकून बघितलं. पंधरा मिनिटांनी त्यानं हाक मारली. उच्चार जरा चुकला. अम्मी उठली आणि सगळ्यांच्या पुढे चालत आत गेली. ऑर्डरही तिनंच दिली.