वकिलीच्या प्रवेशाची तयारी

१८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. सांगली जिल्ह्यातल्या आपल्या विट्याच्या पक्षकाराची मुंबईची फेरी त्यामुळे वाचली, आणि इथल्या मुलामुलींनी वकिलीकडे वळावं असे दिवस आले.

त्यासाठी राज्याची विधी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या. पेपर संगणकावर, दोन तासांचा. प्रश्न मराठीतूनही वाचता येतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅटमध्ये मात्र पेपर इंग्रजीत असतो आणि चुकलं की पाव गुण जातो. तिथे अंदाजपंचे चालत नाही.

अभ्यासात मुलं कमी पडत नाहीत, अडतात ती कागदांवर. निकाल लागल्यावर तहसीलला धावू नका. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमिलेअर हे दाखले आत्ताच काढा. जात पडताळणीला तर बराच वेळ लागतो. सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायामुळे आपली कितीतरी कुटुंबं परराज्यांत आहेत. मुलाची बारावी तिकडे झाली असेल, तर त्याचा अर्ज कोणत्या गटात बसतो हे सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत आधीच पाहून ठेवा.

प्रवेशासाठी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना सांगली, कोल्हापूर, साताऱ्याची महाविद्यालयं जरूर घाला. पण ज्या महाविद्यालयात जायचंच नाही, त्याचं नाव यादीत नको.