‘यश’ शब्दाची कुळकथा



निकालाचे दिवस आले की घरोघरी ‘यशा’चे पेढे वाटले जातात, आणि ज्या घरी पेढे येत नाहीत, तेथे ‘अपयश’ हा शब्द दबक्या आवाजात वावरू लागतो. आज रूढ झालेला अर्थ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ नव्हे.

संस्कृतातील ‘यशस्’ म्हणजे तेज, शोभा, मान आणि त्यांतून पसरणारी कीर्ती. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात हा शब्द धनाचे विशेषण म्हणून येतो. अग्नीच्या कृपेने मिळावे ते नुसते धन नव्हे, मानाचे धन. यास्काचार्यांनी ज्यावर निरुक्त लिहिले, त्या निघंटूत तर ‘यशस्’ तीन ठिकाणी आढळतो : उदकाच्या, अन्नाच्या आणि धनाच्या नावांत. पाण्याला आणि अन्नाला यश म्हणणारी ती भाषा आजच्या गुणपत्रिकेपासून किती दूर होती!

दहाव्या मंडलातील एकाहत्तरावे सूक्त वाणीविषयी आहे. सभा जिंकून मित्र यशासह परततो तेव्हा सारे मित्र आनंदतात, असे तेथे म्हटले आहे. कारण तो त्यांचा दोष दूर करतो आणि त्यांना अन्न मिळवून देतो. यश एकाने मिळवायचे, पण ते सर्वांच्या उपयोगी पडायचे. पेढे वाटण्यात त्याची पुसट खूण उरली आहे म्हणावे काय?

अमरकोशात यश आणि कीर्ती एकाच ओळीत बसतात. गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला यश मिळवण्यास, शत्रूंना जिंकण्यास आणि राज्य भोगण्यास सांगतात. जिंकणे म्हणजेच यश असते, तर ते निराळे सांगण्याचे प्रयोजन नव्हते. हिंदीत आजही ‘यशस्वी’ म्हणजे कीर्तिमान. काम साधले तर माणूस ‘सफल’, म्हणजे फळासह. गुजरातीतील ‘जश’ म्हणजे श्रेय. मराठीने मात्र, आणि शेजारच्या कन्नडनेही, हा शब्द कार्यसिद्धीकडे वळवला. तरीही वैद्याच्या ‘हाताला यश आहे’ असे म्हणताना मराठी माणूस त्याच्या पदवीविषयी बोलत नसतो. बऱ्या झालेल्या रोग्यांनी दिलेली ती पावती असते.

खरी अडचण ‘अपयशा’ची आहे. संस्कृतात त्याचा अर्थ दुष्कीर्ती, बदनामी. कार्य न साधणे एवढाच अर्थ मराठीने घेतला, पण जुना डाग शब्दाला चिकटून राहिला. गणितात चार गुण कमी पडलेल्या मुलाने कोणती दुष्कीर्ती ओढवून घेतलेली असते? त्याच्यासाठी अधिक न्याय्य शब्द आहे : ‘अनुत्तीर्ण’. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे. उत्तीर्ण तो पैलतीरी पोहोचलेला आणि अनुत्तीर्ण तो अद्याप न पोहोचलेला. राज्य मंडळाने 2015 पासून दहावीच्या अनुत्तीर्णांसाठी त्याच वर्षी, जुलैमध्ये, फेरपरीक्षा घेण्यास प्रारंभ केला, तो या शब्दाला धरूनच झाला.