५७ दिवसांची नोकरी आणि साडेबावीस लाख पाउंड

(भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, मधले "अं... अं..." तेवढे काढलेत.)

आजचा भाग मी पुण्याच्या रूमवरून नाही, गावाकडून रेकॉर्ड करतोय. देवगाव रंगारी, तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. घराच्या गच्चीवर बसलोय, मोबाईलला कॉलर माईक लावलाय. मागं ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून लगेच विषयाला येतो.

मागच्या फुटबॉलच्या भागावर बऱ्याच जणांनी मेसेज केला होता, "भाऊ, एकदा नॉर्वेवर कर." बरोबर आहे, २०२६ च्या वर्ल्ड कपला नॉर्वे पात्र ठरला, तोही १९९८ नंतर पहिल्यांदा. हालांड आहे, ओडेगार्ड आहे. पण त्या दोघांचे रील तुम्ही रोज बघता, मी वेगळं काय सांगणार? म्हणून आज एक जुना माणूस. नाव हेनिंग बर्ग. डिफेंडर. आणि या माणसाच्या गोष्टीत मधेच पुणे येतं. हो, आपलं पुणे.

आधी खेळाडू म्हणून बघू. जन्म १९६९ चा. नॉर्वेत व्हॉलेरेंगा, लिलेस्ट्रोम असे क्लब करत १९९३ च्या जानेवारीत तो इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे आला. किंमत ४ लाख पाउंड. ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशायरमधलं कापड गिरण्यांचं जुनं गाव. एका स्थानिक स्टीलवाल्यानं, जॅक वॉकरनं, क्लबमध्ये पैसा ओतला होता. कोच केनी डॅलग्लिश, पुढं गोल मारायला ॲलन शियरर. आणि १९९४-९५ ला हे गाव चक्क प्रीमियर लीग जिंकलं! शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलकडून हरलं होतं. पण तिकडं मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमनं बरोबरीत अडकवलं. ८९ विरुद्ध ८८. एका पॉइंटनं चॅम्पियन.

१९९७ ला त्याच युनायटेडनं बर्गला ५० लाख पाउंडला उचललं. ४ लाखांचा माणूस ५० लाखांना! १९९८-९९ ला युनायटेडनं लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही ट्रॉफ्या जिंकल्या. बार्सिलोनाची ती फायनल बर्ग दुखापतीमुळं खेळू शकला नाही, पण क्वार्टर फायनलला इंटर मिलानविरुद्ध गोललाइनवरून त्यानं बॉल काढला होता. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून प्रीमियर लीग जिंकणारा तो पहिला खेळाडू. पुढं परत ब्लॅकबर्न, २००२ ला कॅप्टन म्हणून लीग कप, मग स्कॉटलंडचं रेंजर्स. देशासाठी बरोबर १०० सामने. १९९८ ला नॉर्वेनं मार्सेला ब्राझीलला २-१ हरवलं, त्या संघातही हा होता.

म्हणजे लक्षात घ्या, ब्लॅकबर्नमध्ये हा माणूस घरचा होता. क्लबचा हिरो.

आता पुणे.

व्हेंकीज माहितीये ना? अंडी, चिकन, पोल्ट्री. पुण्याचा ग्रुप. नोव्हेंबर २०१० ला या ग्रुपनं ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. तेव्हा मी शाळेत होतो. पेपरात वाचून आम्हाला काय अभिमान! पुण्याचा माणूस इंग्लंडच्या क्लबचा मालक. ऑक्टोबर २०११ ला तो संघ बालेवाडीत पुणे एफसीशी मॅच खेळायलाही आला, ३-० जिंकून गेला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेला, तोही पुढं ब्लॅकबर्नला ट्रेनिंगसाठी जाऊन आला.

पण मैदानावर गाडी उताराला लागली होती. मालक आले आणि महिन्याभरात कोच सॅम ॲलर्डाइसला काढलं. तेव्हा नॉर्वेच्या टीव्हीवर आपला बर्ग एक्स्पर्ट म्हणून बसायचा. तो म्हणाला होता की नाव असलेला कुठलाही कोच असली नोकरी घेणार नाही. लक्षात ठेवा हे. मे २०१२ ला ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेलं. त्या विगनविरुद्धच्या मॅचला प्रेक्षकांनी निषेध म्हणून क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. यूट्यूबवर बघा. कोंबडी पळतेय आणि खेळाडू बघतायत.

आणि ३१ ऑक्टोबर २०१२ ला ती नोकरी कुणी घेतली? हेनिंग बर्गनं. स्वतः.

मी त्याला हसणार नाही. जुन्या कंपनीतून फोन आला की आपण पण विरघळतो. "तुझ्याशिवाय कोण?" म्हटलं की संपलं. करार तीन वर्षांचा, जून २०१५ पर्यंत. १० मॅच झाल्या, एकच जिंकली. २७ डिसेंबरला काढून टाकलं. ५७ दिवस! त्याच्यानंतर आलेला मायकल ॲपलटन ६७ दिवस टिकला. आपल्याकडं प्रोबेशनसुद्धा याच्यापेक्षा मोठं असतं.

इथपर्यंत ही फक्त एका फसलेल्या नोकरीची गोष्ट आहे. खरी गोष्ट कागदात आहे.

बर्गच्या करारात एक कलम होतं. क्लबनं मुदतीआधी करार संपवला, तर उरलेल्या मुदतीचा मूळ पगार क्लबनं द्यायचा. साधी ओळ. उरली होती अडीच वर्षं. हिशोब झाला २२ लाख ५० हजार पाउंड. त्या वेळच्या भावानं १८-१९ कोटी रुपये. ५७ दिवसांच्या नोकरीचे.

क्लबनं आधी कोर्टात हे देणं मान्य केलं. मग म्हणाले, मान्य केलेलं मागं घ्यायचंय. का? तर आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरला असलं कलम द्यायचा अधिकारच नव्हता. आणि वर, ही रक्कम म्हणजे दंड आहे, दंडाचं कलम चालत नाही. एप्रिल २०१३ ला इंग्लंडच्या हायकोर्टाचा निकाल आला, बर्गच्या बाजूनं.

निकालातला तर्क मला एकदम कोड वाचल्यासारखा वाटला, म्हणून सांगतो. दंडाचा प्रश्न कधी येतो? कुणी करार मोडला तर. पण इथं क्लबनं करार मोडलाच नाही. करारातच लिहिलं होतं की तुम्ही याला काढू शकता, फक्त त्याची किंमत ही. क्लबनं तो पर्याय वापरला, मग किंमत द्या. ही नुकसानभरपाई नाही, हे सरळ देणं आहे. आणि म्हणून बर्गला दुसरी नोकरी लागली तरी त्यातून एक पाउंड कमी होणार नाही. इफ-एल्स आहे हो नुसतं. एल्समध्ये काय लिहिलंय ते सही करताना बघायचं.

आता माझं सांगतो. हा भाग करायचं कारण तेच आहे.

मागच्या वर्षी मी एक नोकरी सोडून दुसरीकडं गेलो. कंपनीचं नाव घेत नाही, गरज नाही. पॅकेज चांगलं, वर दीड लाख जॉइनिंग बोनस. ऑफरचा मेल आला तेव्हा मी संभाजीनगरहून पुण्याला निघालेल्या बसमध्ये, खिडकीशेजारी. १४ पानांची पीडीएफ. अंगठ्यानं सर्रकन खाली आलो, पगाराचा आकडा बघितला, ओटीपी टाकला, सही झाली. दोन मिनिटं पण लागली नाहीत. बोनसमधून घरी ठिबकचे पाइप घेतले.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मीटिंगची लिंक आली. १५ मिनिटांची मीटिंग. आमची अख्खी टीम बंद. लॅपटॉप संध्याकाळपर्यंत जमा करा. ठीक आहे, होतं आयटीत. पण फायनल सेटलमेंटचा कागद आला त्यात खाली आकडा उणे होता. मीच कंपनीला देणं लागत होतो! विचारलं, तर नवव्या पानावर बोट. "कोणत्याही कारणानं" १२ महिन्यांच्या आत नोकरी संपली तर जॉइनिंग बोनस पूर्ण परत. कोणत्याही कारणानं. म्हणजे त्यांनी मला काढलं तरी.

आणि खाली सही कुणाची? माझी.

बर्गच्या कलमाची आणि माझ्या कलमाची लांबी जवळपास सारखीच असेल. एका ओळीनं त्याला अडीच वर्षांचा पगार दिला, एका ओळीनं माझे दीड लाख नेले. हो, मान्य आहे, तो शंभर सामने खेळलेला माणूस, त्याला हवं ते कलम मागता येतं. आपल्याला कोण विचारतो? पण माझी चूक त्याच्या अलीकडची आहे. मी मागितलं नाही हे नंतरचं, मी वाचलंच नव्हतं.

घरी आलो, अण्णांना सांगितलं. अण्णा शेती करतात, कापूस, मका, थोडी अद्रक. शिकले सातवीपर्यंत. रागावतील वाटलं होतं. ते म्हणाले, "अरे, आपण पाडव्याला सालगडी ठेवतो, तर चार माणसांत बसून ठरवतो. साल किती, उचल किती, दवाखाना कुणाचा, मधीच सोडलं तर उचलीचं काय. कागद नसतो, पण बोलणं सगळं होतं. तू बीटेक झाला अन् न बोलताच सही करून आला?"

काय उत्तर देणार? जॉइनिंग बोनस म्हणजे दुसरं काय, इंग्रजीतली उचलच की!

बर्गचा एक किस्सा अजून राहिलाय, कारण कागदानं त्यालाही पुढं सोडलं नाही. तो पोलंडला लेगिया वॉर्साचा कोच झाला, २०१४ ला लीग जिंकली. मग चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत समोर स्कॉटलंडचं सेल्टिक. लेगियानं घरी ४-१ आणि बाहेर २-० मारलं. एकूण ६-१. विषय संपला ना? नाही. दुसऱ्या मॅचला शेवटच्या काही मिनिटांसाठी बेरेशिन्स्की नावाचा खेळाडू उतरवला होता. त्याच्यावर तीन मॅचची बंदी होती. तो खरंच तीन मॅच बाहेर बसला होता. पण आधीच्या फेरीतल्या दोन मॅचसाठी क्लबनं त्याचं नाव यादीत नोंदवलंच नव्हतं. नाव नाही, म्हणून बंदी भोगलेली धरली नाही. काम केलं पण टाइमशीट भरली नाही, तसं. युएफानं दुसरी मॅच सेल्टिकला ३-० दिली. एकूण ४-४, आणि सेल्टिकचा बाहेरच्या मैदानावर एक गोल होता, म्हणून सेल्टिक पुढं. ६-१ जिंकलेला संघ बाहेर.

यात खेळाडूंची काय चूक? काहीच नाही. एका फॉर्मवर एक नाव राहिलं.

बर्ग तिथंच थांबला नाही हेही सांगायला पाहिजे. हंगेरीत व्हिडिओटन, मग नॉर्वेत स्टाबेक. स्टाबेक म्हणजे आपला गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू २०१४ ते २०१७ जिथं होता, युरोपा लीगच्या पात्रता फेरीत जिथून खेळला तोच क्लब. नंतर सायप्रसला ओमोनिया निकोसियाला त्यानं २०२१ ला लीग जिंकून दिली, त्यांची ११ वर्षांनंतरची पहिली. ब्लॅकबर्नचे ते ५७ दिवस त्याच्या प्रोफाइलवर आजही दिसतात. पण त्याच्यावर करिअर संपलं नाही. मला गेल्या वर्षी हे कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आता कामाचं. मी वकील नाही, अडचण असेल तर वकीलच गाठा. एवढं माहीत असू द्या की आपल्याकडच्या करार कायद्यात कलम ७४ आहे. करार मोडल्याबद्दल आकडा लिहिला म्हणून तो पूर्णच्या पूर्ण आपोआप मिळतो असं नाही, वाजवी भरपाई किती हे बघितलं जातं. पण कोर्टापर्यंत जायची वेळ आपल्यातल्या किती जणांची असते? त्यापेक्षा सहीच्या आधी चार गोष्टी शोधा. नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का? बोनस परत करायची वेळ कधी येते? बाँड आहे का? आणि "कोणत्याही कारणानं" हे शब्द कुठं आहेत? मोबाईलवर वाचू नका. प्रिंट काढा. आमच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात १४ पानं निघतात, पुण्यात निघत नाहीत का?

शेवटचं. परवा मला नवीन ऑफर आलीये. यावेळी प्रिंट काढली, अण्णांसमोर बसून मराठीत वाचून दाखवली. दोन ओळींवर खुणा केल्या आणि मेल केला. बोनसच्या ओळीत "कोणत्याही कारणानं" काढून "कर्मचाऱ्यानं स्वतः राजीनामा दिल्यास" करा, आणि नोटीस ९० दिवसांऐवजी ६० करा. मेल पाठवताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. वाटलं ऑफरच मागं घेतील. दोन दिवस काही उत्तर नाही. अण्णा दर तासाला विचारायचे, "आला का त्यांचा निरोप?"

आज सकाळी आला. नोटीस ९० च राहणार. बोनसची ओळ बदलली.

एक मिळाली, एक नाही. सही अजून केली नाही. रात्री जेवण झालं की एकदा परत वाचणार, मग करणार.

तुमच्या कागदात असली एखादी ओळ सापडली असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, कंपनीचं नाव न घेता. पुढच्या भागात ऐकवतो. आणि घरात कुणी नवीन नोकरीला लागत असेल, तर हा भाग सहीच्या आधी पाठवा, नंतर नको.

चला, लाइट गेली. भेटू.