नोकरी गेली तरी विद्या जात नाही
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यशाच्या गोष्टी आपण या व्यासपीठावरून पुष्कळ ऐकता. मी आज माझी नोकरी गेली त्याची हकीकत सांगणार आहे.

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि जगभर मंदीची लाट आली. मी त्याच वर्षी बी.कॉम. होऊन मुंबईतील एका खासगी वित्तसंस्थेच्या गृहकर्ज विभागात लागलो होतो. पुढच्या फेब्रुवारीत तो विभागच बंद झाला. नोकरीला जेमतेम सात महिने झाले होते.

घरी सांगण्याची हिंमत झाली नाही. अम्मी रोज डबा भरून द्यायची. मी मुंब्र्याहून नेहमीची लोकल पकडायचो आणि फोर्टमधील टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर दिवस काढायचो. असे एकोणीस दिवस गेले. शेवटी अब्बांनीच विचारले, ‘‘बेटा, पगाराची तारीख उलटून गेली ना?’’ मला रडू कोसळले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘नोकरी त्यांची होती, त्यांनी काढून घेतली. तू शिकलास ते कुठे गेले?’’

त्या रात्री मी वहीत लिहून काढले की मला काय येते. पगारपत्रक व बँकेचा उतारा तपासता येतो, मालमत्तेची कागदपत्रे वाचता येतात, बनावट पावती ओळखता येते. मंदीत नवी कर्जे देणाऱ्यांचे काम घटते. पण दिलेले कर्ज वसूल होते का, हिशेब खरा आहे का, हे पाहावेच लागते. म्हणून मी एका सी.ए.च्या कचेरीत पतसंस्थांच्या लेखापरीक्षणाचे काम धरले. पगार निम्मा होता. आज मी एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासणीचे काम पाहतो. क्षेत्र तेच राहिले, बाजू तेवढी बदलली.

विद्यार्थी मित्रहो, अशी वेळ आली तर पगारपत्रके आणि कार्यमुक्तीचे पत्र जपून ठेवा. मुलाखतीत विचारले तर विभाग बंद झाला असे सरळ सांगा. रिकामा वेळ वाया घालवू नका. सेबीने २००६ साली स्थापन केलेल्या एन.आय.एस.एम. या संस्थेच्या परीक्षा नोकरी नसतानाही देता येतात. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण असतील तर सी.ए.च्या इंटरमीजिएटला थेट नाव नोंदवता येते आणि २०२३ च्या नव्या योजनेत उमेदवारीचा काळ तीनऐवजी दोन वर्षांचा झाला आहे.

पालकांनो, आता एक विनंती आपल्याला. मुलाची किंवा मुलीची नोकरी गेली की ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आधी घरात शिरतो. मग घाईघाईने मुलाला मिळेल त्या कामाला आखाती देशात धाडले जाते आणि मुलीचे शिक्षण तिथेच थांबते. तसे करू नका. त्यांना सहा महिने द्या आणि मुख्य म्हणजे त्यांना खरे बोलता येईल असे घर द्या. माझे एकोणीस दिवस पायऱ्यांवर वाया गेले, ते नोकरी गेल्यामुळे नव्हे, घरी सांगता न आल्यामुळे.